देखभाल-दुरुस्तीची शासकीय कामे : खाते व गुत्ता यांमधील वाद

शासनाच्या मालकीचे रस्ते, पूल, इमारती, कालवे, पाणीपुरवठ्याची साधने, वीजवाहिन्या इत्यादींची निगा राखण्याचे काम शासनाने आपल्या पगारी नोकरवर्गाकडून करून घ्यावे, की करार करून ते त्रयस्थ व्यक्तीवर अथवा संस्थेवर सोपवावे, यासंबंधीचा वाद. पहिल्या पद्धतीस खात्यामार्फत काम व दुसरीस ठेका, कंत्राट किंवा मक्ता अशी नावे आहेत. मराठवाड्यात पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील रूढीप्रमाणे गुत्ता व गुत्तेदार हेच शब्द सर्वसामान्यांच्या तोंडी आहेत. मूळ अर्थ ‘ठरावीक रकमेच्या बोलीवर सरकारकडून घेतलेला हक्क’ असा असून ‘दारूचा गुत्ता’ या शब्दप्रयोगात तोच अर्थ गोठून राहिला आहे. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील या वादाचा इतिहास, मराठवाडा व विशेषतः जालना जिल्ह्याच्या (स्थापना १ मे १९८१) संदर्भात, दिला आहे.

नवे बांधकाम आणि देखभाल ही कामे स्वभावतः भिन्न आहेत. पूल बांधून पूर्ण झाला, की त्याचे मोजमाप पुस्तकात नोंदविता येते, त्यानुसार देयक अदा होते व करार संपतो. देखभालीला असा शेवट नसतो. शिवाय ती उत्तम झाली, तर दाखविण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही. पावसाळ्यापूर्वी मोरीच्या तोंडाशी साठलेला गाळ काढला, तर मोरी वाहून जात नाही; पण न घडलेल्या हानीची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? मोजता येणाऱ्या परिमाणांवर मोबदला देणाऱ्या ठेका पद्धतीची ही मूळ अडचण आहे. उलट, कायम नोकराला काम केले वा न केले तरी वेतन मिळते, ही खात्यामार्फत कामाची अडचण. वादाचा बहुतेक इतिहास या दोन अडचणींपैकी कोणती अधिक जाचक वाटली, त्यावर अवलंबून राहिला आहे. तत्त्वापेक्षा तिजोरीच्या स्थितीचा प्रभाव त्यावर अधिक दिसतो.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात सार्वजनिक कामांची व्यवस्था प्रथम लष्करी मंडळाकडे होती. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत १८५४ च्या सुमारास ती मोडून स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा (पुढील काळातील अभियांत्रिकी महाविद्यालय) मुख्य हेतू या खात्यास दुय्यम दर्जाचे तांत्रिक कर्मचारी पुरविणे हाच होता. खात्याच्या हिशेबात ‘मूळ कामे’ व ‘दुरुस्ती’ हे दोन भाग प्रारंभापासून वेगळे ठेवले गेले. मूळ कामे बव्हंशी ठेक्याने दिली जात. दुरुस्ती हजेरीपटावरील मजुरांकडून करून घेतली जाई. रस्त्याच्या ठरावीक लांबीवर नेमलेला मैलकुली, पुढील काळातील मैलकामगार, हा या व्यवस्थेचा पाया होय. फावडे, घमेले, टिकाव व धुम्मस एवढीच त्याची साधने. खड्ड्यात मुरूम भरणे, साइडपट्ट्या सारख्या करणे, गटारे मोकळी ठेवणे, कडेची झाडे जोपासणे ही त्याची नित्याची कामे. आपल्या मैलातील कोणती मोरी कोणत्या नक्षत्रात तुंबते हे त्याला ठाऊक असे. हे ज्ञान कोणत्याही निविदेत लिहून देता येत नाही.

हैदराबाद संस्थानात ठेका व खाते यांचा झगडा आधी महसुलात दिसतो. तेथे कित्येक भागांचा महसूल वसूल करण्याचे कामच गुत्त्याने दिले जाई. पहिले सालारजंग यांनी आपल्या दिवाणगिरीत (१८५३–८३) ही पद्धत मोडून पगारी अधिकारी नेमले. १८६५ ची जिल्हाबंदी हा त्या सुधारणेचा प्रमुख टप्पा होय. बांधकामासारखी आधुनिक धर्तीची खातीही त्यांच्याच काळात आकारास आली. जालन्यावरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग (१९००) मात्र हमीदार कंपनीच्या ताब्यात होता. १९३० मध्ये संस्थानाने ती कंपनी विकत घेतली व लोहमार्गाची देखभाल सरकारी नोकरांकडे आली. ब्रिटिश हिंदुस्थानात अ‍ॅक्वर्थ समितीने (१९२०–२१) रेल्वेचे व्यवस्थापन कंपन्यांकडून काढून सरकारने स्वतः करावे, अशी शिफारस केली होती. आजचे ‘खाजगीकरण’ हे जुन्याच प्रश्नाचे उलट्या दिशेचे उत्तर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

ठेक्यावरील मजुरांच्या स्थितीकडे लक्ष वेधण्याचे श्रेय मजूरविषयक रॉयल कमिशनकडे (व्हिटली आयोग, १९२९–३१) जाते. मुकादम व कंत्राटदार यांच्यामार्फत मजूर राबविण्याच्या रीतीवर आयोगाने टीका केली. १९४६ मध्ये केंद्रीय बांधकाम खात्याच्या करारांत वाजवी वेतनाचे कलम घालण्यात आले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्थांना उत्तेजन देऊन जंगलतोडीतील ठेकेदार दूर सारण्याचा प्रयत्न केला. खाते व ठेकेदार यांखेरीज मजुरांचीच सहकारी संस्था हा तिसरा मार्ग असू शकतो, ही कल्पना येथून महाराष्ट्रात रुजली. पुढे मजूर सहकारी संस्थांना लहान शासकीय कामे राखून देण्याचे धोरण तिच्यातूनच निघाले. यांतील काही संस्था खरोखर मजुरांच्या होत्या. काहींच्या नामफलकामागे ठेकेदारच उभा होता, हेही नमूद केले पाहिजे.

कार्यव्ययी आस्थापना व कालेलकर निवाडा : स्वातंत्र्योत्तर काळात रस्ते व पाटबंधारे यांचा विस्तार झपाट्याने झाला. नागपूर योजनेने (१९४३) राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा व ग्रामीण असे रस्त्यांचे वर्ग पाडले होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्रमुख जिल्हा मार्ग व त्यावरील दर्जाचे रस्ते राज्याच्या बांधकाम खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. मराठवाड्यातील खेड्यांना याचा अर्थ एवढाच जाणवला, की गावाबाहेरील पाच कोसांच्या प्रवासात रस्त्याचे मालक दोनदा बदलतात.

या कामांवर राबणारा मोठा मजूरवर्ग कार्यव्ययी आस्थापनेवर असे. कार्यव्ययी म्हणजे ज्याचे वेतन विशिष्ट कामाच्या अंदाजपत्रकातून खर्ची पडते, असा नोकर. काम संपले, की नोकरी संपली. मूळ कामांबाबत ही रचना तर्कशुद्ध होती. मात्र रस्ता वा कालवा यांच्या देखभालीचे काम कधीच संपत नसल्याने माणूस वीस-वीस वर्षे तेच काम करी आणि कागदोपत्री दरवर्षी नव्याने लागे. रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. मजूर संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. परिणामी बांधकाम व पाटबंधारे खात्यांतील मजुरांसंबंधी १९६७ मध्ये जी तडजोड झाली, ती कालेलकर निवाडा (प्रचारात ‘कालेलकर अवॉर्ड’) या नावाने ओळखली जाते. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या कामगारांना ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना’ या वर्गात घ्यावे व नियमित नोकरांचे लाभ द्यावेत, हे तिचे सार होय. ‘नियमित’ आणि ‘अस्थायी’ ही दोन विशेषणे एकाच नामास जोडावी लागली, यातच शासनाची द्विधा मनःस्थिती स्पष्ट होते.

कालेलकर निवाड्याचे महत्त्व मोठे आहे. हजारो कुटुंबांना त्यामुळे स्थैर्य लाभले आणि मैलकामगाराच्या मुलांना शाळेत पाठविणे शक्य झाले. तथापि त्यातील उणीवही दाखविली पाहिजे. रूपांतर माणसाचे झाले, कामाचे झाले नाही. अमुक लांबीच्या रस्त्यास अमुक इतके कायम मनुष्यबळ लागते, असे मान्य करून पदे निर्माण करण्याऐवजी दीर्घकाळ राबलेल्यांना संरक्षण देण्यात आले. त्यामुळे ती पिढी निवृत्त होत गेली, तसतशी कामाची जागाही पुसट होत गेली. शिवाय, पाच वर्षे पूर्ण होऊ नयेत म्हणून सेवेत कृत्रिम खंड पाडण्याचा मोह अधिकाऱ्यांना पडू लागला.

कायदे व न्यायनिर्णय : ठेका मजुरीसंबंधीचा मूलभूत निर्णय मुंबईतील एका खाजगी कारखान्याच्या संदर्भात लागला, ही लक्षणीय गोष्ट होय. स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात साफसफाई व देखभालीचे काम ठेक्याने दिले जाई. ते काम कारखान्यास आवश्यक, बारमाही व पूर्ण वेळ माणसे गुंतविण्याइतके असल्याने तेथे ठेका पद्धत नसावी, हे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ग्राह्य धरले. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात याच दिशेने शिफारशी केल्या. त्यानंतर झालेल्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० च्या दहाव्या कलमात वरील कसोट्यांना वैधानिक रूप मिळाले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा स्वतःचा अधिनियम केला. कामगारांना कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या उद्देशाने वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते म्हणून ठेवणे ही त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा ठरविली आहे. हे कलम शासनालाही लागू होते. पुण्याच्या पाचगाव-पर्वती वनीकरण योजनेवरील मजुरांच्या दाव्यात (जगन्नाथ मारुती कोंढरे प्रकरण) वनखात्याचे काम हे सार्वभौम कार्य आहे, हा शासनाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये अमान्य केला.

यानंतर न्यायालयांचा रोख पालटला. इमारतींची झाडलोट व पहारा या कामांतील ठेका पद्धतीस केंद्र शासनाने १९७६ च्या अधिसूचनेने मनाई केली होती. मनाई झाल्यावर त्या कामगारांना मूळ मालकाच्या नोकरीत सामावून घेतलेच पाहिजे, असा १९९६ च्या एअर इंडिया प्रकरणातील निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने स्टील प्राधिकरण प्रकरणात (२००१) रद्द ठरविला. पाठोपाठ उमादेवी प्रकरणात (२००६) विहित भरतीप्रक्रियेबाहेर नेमलेल्यांना केवळ दीर्घ सेवेच्या आधारे कायम होण्याचा हक्क नाही, असे ठरले. तरीही बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांचा लढा यशस्वी झाला. हे ठेक्यावरील मजूर ‘स्वयंसेवक’ आहेत, असा पालिकेचा पवित्रा होता. कचरा वाहतूक श्रमिक संघाने औद्योगिक न्यायाधिकरणात हा ठेकाच बनावट असल्याचे सिद्ध केले (२०१४) व सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला.

दुष्काळ व रोजगार हमी : मराठवाड्याच्या दृष्टीने या वादातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण १९७२ च्या दुष्काळापासून सुरू होते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. खडी फोडणे, रस्ते व पाझर तलाव ही कामे हजेरीपटावर, म्हणजे खात्यामार्फत झाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे रूप मिळाले (१९७७, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून). ठेकेदाराला थारा न देणे हे तिचे एक प्रमुख वैशिष्ट्य होय. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानेही हाच निर्बंध स्वीकारला. ठेकेदार नको, याचे कारण उघड होते : त्याचा हेतू कमी मजुरांत काम उरकण्याचा, तर योजनेचा हेतू अधिकाधिक हातांना काम देण्याचा.

परंतु खात्यामार्फत कामाचे दोषही याच योजनेत ठळकपणे उघडकीस आले. खोट्या नावांचे हजेरीपट, फुगविलेली मोजमापे, उशिरा होणारी मजुरीवाटप यांच्या तक्रारी गावोगावी होत्या. खाते म्हणजे सचोटी व गुत्ता म्हणजे लबाडी, असे भोळे समीकरण मांडणाऱ्यांनी हा इतिहास दृष्टिआड करू नये. दुसरी उणीव याहून खोल आहे. योजनेतून निर्माण झालेले रस्ते व तलाव हे ‘नवे काम’ होते. त्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणावर, हे बरेचदा अनिश्चित राहिले. मजुराला पुढील वर्षी दुसरे काम मिळाले, पण गाळाने भरलेल्या तलावाला वाली मिळाला नाही.

जालना पंप : देखभालीचा प्रश्न जालन्याला आणखी एका मार्गाने येऊन भिडला. १९६६–६७ च्या अवर्षणानंतर कठीण खडकात कूपनलिका खोदणारी यंत्रे युनिसेफच्या साहाय्याने देशात आली. कूपनलिकांवर बसविलेले बिडाचे हातपंप हे एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते. सबंध गावाचा भार त्यांना सोसेना. जालना येथील मिशनच्या कार्यकर्त्यांनी व कारागिरांनी अनेक सांध्यांऐवजी एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा मजबूत पंप तयार केला. तो ‘जालना पंप’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप व त्यावरून १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा जगभर पसरलेला पंप निघाला. १९७४ च्या सुमारास केलेल्या पाहणीत देशातील सुमारे तीन-चतुर्थांश हातपंप नादुरुस्त आढळले होते, ही या शोधाची पार्श्वभूमी.

पंप सुधारला, तरी तो दुरुस्त कोणी करावयाचा हा प्रश्न उरलाच. तमिळनाडूत गावातील राखणदार, तालुक्याचा यांत्रिकी व जिल्ह्याचे फिरते पथक अशी तिहेरी व्यवस्था योजण्यात आली. राजस्थानातील तिलोनिया येथील संस्थेने गावातीलच तरुणास शिकवून त्याला हातपंप मिस्त्री बनविण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्या दुरुस्ती पथकांवर भर राहिला; ग्रामपंचायतींनी त्यासाठी वार्षिक वर्गणी भरावयाची. पथक आले, की पंप तासाभरात सुरू होई. पथक येईपर्यंत बायकांना दूरच्या विहिरीची वाट धरावी लागे. पुढे ‘मार्क ३’ हा पंप गावकऱ्यांना स्वतः खोलता यावा अशा रीतीने तयार करण्यात आला. देखभाल कोणी करावी यावरून यंत्राची घडण बदलल्याचे हे उत्तम उदाहरण होय. खाते की गुत्ता या चर्चेत ‘गाव’ हा पर्याय बहुधा राहून जातो. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमात पाणीवापर संस्थांच्या रूपाने तो पुन्हा पुढे आला, पण त्याची वाटचाल मंद राहिली.

१९९१ नंतरचा काळ : आर्थिक उदारीकरणानंतर नोकरभरतीवरील निर्बंध वाढले. निवृत्त मैलकामगारांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या व दुरुस्ती वार्षिक निविदांनी होऊ लागली. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत (२०००) रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच पाच वर्षे त्याची देखभाल करावी, अशी अट आहे. ही अट ठेका पद्धतीतील मूळ दोषावरचा एक विचारी उपाय मानली पाहिजे, कारण निकृष्ट कामाचा भुर्दंड करणाऱ्यावरच पडतो. मोठ्या मार्गांवर देखभाल पथकराच्या हक्काशी जोडली गेली; मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची पथकर-वसुली व देखभाल २००४ मध्ये सुमारे ९१८ कोटी रुपयांच्या मोबदल्यात १५ वर्षांसाठी खाजगी कंपनीस देण्यात आली.

वीज व पाणी या क्षेत्रांतील प्रयोग मराठवाड्याच्या अधिक निकटचे आहेत. भिवंडीतील वीजवितरण २००७ मध्ये खाजगी प्रतिनिधीकडे सोपविण्यात आले व ते टिकले. तोच कित्ता २०११ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), नागपूर व जळगाव येथे गिरविण्यात आला. तिन्ही ठिकाणची व्यवस्था अनुक्रमे २०१४, २०१९ व २०१५ मध्ये महावितरणकडे परत आली. औरंगाबाद महानगरपालिकेने पाणीपुरवठ्याची यंत्रणा सप्टेंबर २०१४ मध्ये खाजगी कंपनीच्या हवाली केली आणि तीव्र लोकविरोधानंतर जून २०१६ मध्ये करार रद्द केला. या घटनांवरून खाजगी व्यवस्था नेहमीच फसते, असा निष्कर्ष काढता येत नाही. भिवंडीचे उदाहरण त्याच्या विरुद्ध जाते. पण ठेका फसला असता काम परत घेण्यासाठी खात्याजवळ जाणती माणसे असावी लागतात, एवढे निश्चित. सर्व माणसे कमी करून बसलेल्या खात्याला ठेकेदारावर देखरेखही करता येत नाही. मोजमाप कोणाचे व कसे घ्यावयाचे, हेच त्याला उमगत नाही.

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावाच्या अनुभवात हा वाद वेगळ्या रूपात उतरतो. हिरव्या मिरचीच्या खरेदी-विक्रीसाठी हे गाव ओळखले जाते. मिरची नाशवंत माल असल्याने एक दिवस वाहतूक अडली, तरी भाव कोसळतो. अशा गावाला जोडणारा रस्ता पावसात खचला, तर तो कोणाच्या अखत्यारीतील, दोषदायित्वाचा काळ संपला की नाही, निविदा केव्हा निघणार या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत हंगाम थांबत नाही. पूर्वी अशा वेळी मैलकामगारांची टोळी दोन घमेली मुरूम टाकून निदान वाट चालती करी. टोळी नेहमीच वेळेवर येई, असे नव्हे. पण गावकऱ्यांना मुकादमाचे घर माहीत असे.

मनुष्यबळाचा ठेका : अलीकडे वादाचे केंद्र कामाच्या ठेक्यावरून माणसांच्या ठेक्याकडे सरकले आहे. येथे ठेकेदार काम करून देत नाही. माणसे पुरवितो आणि ती खात्याच्याच अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली राबतात. या प्रकारात काम खात्याचे, हुकूम खात्याचा आणि उत्तरदायित्व मात्र कोणाचेच नाही, अशी स्थिती उद्‌भवते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पद्धतींतील दोष तीत एकत्र येतात. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी बाह्य स्रोतांद्वारे मनुष्यबळ पुरविण्यासाठी नऊ संस्थांना मान्यता देणारा निर्णय काढला. कर्मचारी संघटना व स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण यांनी त्यास राज्यभर विरोध केला व २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो रद्द करण्याची घोषणा झाली.

१९७० च्या अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने (२०२०) घेतली. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमण्यास तीत मनाई आहे. तथापि आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसल्यास साफसफाई, पहारा, बागकाम आणि देखभालीसह सर्व स्थापत्यकामे ‘मुख्य काम’ या व्याख्येतून वगळली आहेत. रस्ते, इमारती व कालवे राखण्यासाठीच अस्तित्वात आलेल्या खात्यांना हा अपवाद कितपत लागू पडतो, हा या वादातील पुढचा प्रश्न होय.